मोरे आडनावाची कुळकथा



एरवी मी तुमच्याशी भाताची रोपे, नाचणीची लावणी, वरकस जमिनीतली फळझाडे यांविषयी बोलतो. आज पीक थोडे बाजूला ठेवू आणि आडनावाविषयी बोलू. हा विषय मला सुचला तो माझ्याच हातून झालेल्या एका चुकीमुळे. म्हणून ती चूक आधी सांगतो.

जुलै २०२१ चा पाऊस आपल्या महाड-पोलादपूर भागात कोणी विसरलेले नाही. २२ जुलैला महाड तालुक्यातले तळिये दरडीखाली गेले आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यातही केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथे डोंगर खाली आला. आंबेनळी घाटाचा रस्ता खचला. पाणी ओसरल्यावर शेतीच्या नुकसानीचे पंचनामे झाले. घाटाच्या पायथ्याच्या एका गावची यादी तपासायला माझ्याकडे आली. तीत दोन बायकांची नावे होती. दोघींचे नाव एक, नवऱ्याचे नाव एक, आडनाव एक. आडनाव मोरे. मला वाटले, एकच नाव चुकून दोनदा लिहिले गेले. मी दोन्ही ओळींतले क्षेत्र एकत्र केले आणि एक ओळ खोडली. गावात जाऊन विचारले नाही. चूक माझी.

पैसे जमा झाले ते सगळे एकीच्याच खात्यात. काही दिवसांनी ती बाई पासबुक पदरात गुंडाळून कचेरीत आली. वय साठीच्या पुढचे. वाडीवरून पायी उतरून, मग एस.टी. धरून आली होती. म्हणाली, "साहेब, यातलं निम्मं माझं नव्हं. माझ्या दोन खाचरांत गाळ आला. तिची तर बांधासकट सगळी वाहून गेली."

मी खजील झालो. म्हटले, "आजी, तुम्ही दोघी एकाच घरच्या ना? दोघी मोऱ्यांच्याच की."

आजी हसली. "आडनाव मोरे म्हणून काय झालं? ती खालच्या आळीची. आमचा तिचा सुतकाचाही संबंध नाही."

पैसे ज्याचे त्याला मिळाले, यादी दुरुस्त झाली. पण आजीचे ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. शेजारी शेजारी राहणाऱ्या, एकच आडनाव लावणाऱ्या दोन घरांत सुतकही पाळले जात नसेल, तर हे आडनाव आले कोठून? त्याचा अर्थ काय? आणि ते आपल्याला नेमके काय सांगते? तेव्हापासून मी जमेल तसे वाचत, जाणत्यांना विचारत आलो. त्यातून जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवतो. तुमचे आडनाव मोरे नसले, तरी वाचा. मोऱ्यांची जी गोष्ट, तीच थोड्याफार फरकाने तुमच्याही आडनावाची आहे.

मोर की मौर्य?

मोरे म्हटले की पहिल्यांदा डोळ्यांपुढे मोर येतो. ते अगदी खोटे नाही. अनेक मोरे घराण्यांत मोरपीस हे देवक मानतात. लग्नात देवक बसवताना मोराचे पीस पूजेत ठेवतात. ज्या कुळाचे जे देवक, त्या वस्तूला ते कूळ इजा करत नाही, ही आपली जुनी रीत. कोणाचे देवक कळंब, कोणाचे पंचपल्लव, तसे हे मोरपीस.

पण अभ्यासकांनी दुसरी वाटही दाखवली आहे. ती म्हणजे मौर्य. चंद्रगुप्त आणि सम्राट अशोक यांचे हे घराणे. जुन्या पाली भाषेत मौर्यांना 'मोरिय' म्हणत. मोरिय बोलता बोलता मोरे होणे अवघड नाही. यादवचे जाधव झाले, कदंबचे कदम झाले, शिलाहारचे शेलार, चालुक्यचे साळुंखे आणि चाळके झाले असे म्हणतात, तसेच हे. गंमत पहा, साळुंखे ऐकले की आपल्याला साळुंकी पक्षी आठवतो आणि मोरे ऐकले की मोर आठवतो. दोन्ही ठिकाणी पक्ष्यामागे एक जुने राजघराणे उभे आहे.

मग मोर खरा की मौर्य खरा? या दोन वाटा पुढे एकमेकींना मिळतात. मौर्य हे नावच मोरावरून पडले, अशी फार जुनी परंपरा आहे. जैन कथांत चंद्रगुप्ताचा संबंध मोर पाळणाऱ्यांच्या गावाशी जोडला आहे. म्हणजे मोरपीस देवक मानणारी आजी आणि मौर्यांचे नाव घेणारे पंडित, दोघेही एकाच झाडाखाली येऊन बसतात.

आता जरा बोलण्याकडे लक्ष द्या. एक मोर, दोन मोर असे आपण म्हणतो. 'दोन मोरे' कोणी म्हणत नाही. आणि पक्ष्याविषयी बोलताना 'मोरांचा थवा' म्हणतो, पण कुळाविषयी बोलताना 'मोऱ्यांचे गाव' म्हणतो. जसे घोडा, घोडे, घोड्यांचा, शिंदे, शिंद्यांचा, भोसले, भोसल्यांचा. आपल्या पुष्कळ आडनावांच्या शेवटी जो 'ए' येतो, तो मानाचा, अनेकवचनाचा आहे. म्हणून मोरे म्हणजे नुसते मोर नव्हेत; मोऱ्यांच्या कुळातले ते मोरे.

कोकणातले मौर्य

तुम्ही म्हणाल, कुठे पाटणा आणि कुठे पोलादपूर! अशोकाचे राज्य बुडाल्यावर मौर्यांचा आपल्याशी काय संबंध?

संबंध आहे, आणि तो दगडावर कोरलेला आहे. कर्नाटकात ऐहोळे नावाचे गाव आहे. तेथल्या मेगुती देवळावर रविकीर्ती नावाच्या कवीने शके ५५६ मध्ये, म्हणजे इ.स. ६३४ च्या सुमारास, चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या पराक्रमाचा लेख कोरवला. त्यात म्हटले आहे की पुलकेशीच्या सैन्याने कोकणातल्या मौर्यांचा पाडाव केला आणि समुद्रातल्या पुरी नगरीवर शेकडो नावांनिशी हल्ला चढवला. ही पुरी म्हणजे काहींच्या मते उरणजवळची घारापुरी, तर काहींच्या मते मुरुड-जंजिऱ्याजवळची राजपुरी. दोहोंपैकी कोणतीही धरा, ती आपल्या रायगड जिल्ह्यातच येते. म्हणजे चौदाशे वर्षांपूर्वी आपल्या कोकणात मौर्य नावाने राज्य करणारे लोक होते, हे पक्के.

खानदेशातही असाच पुरावा आहे. चाळीसगावजवळच्या वाघळी गावात शके ९९१, म्हणजे इ.स. १०६९ चा शिलालेख आहे. त्यात गोविंदराज नावाच्या मौर्य सरदाराचे नाव येते. तो यादवांचा मांडलिक होता. तिकडे राजस्थानात चितोडवर गुहिलांच्या आधी 'मोरी' घराणे नांदत होते. कोकण, खानदेश, राजस्थान अशा लांब लांबच्या मुलखांत हे नाव टिकून राहिलेले दिसते.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सातव्या शतकातले कोकणचे मौर्य आणि सतराव्या शतकातले जावळीचे मोरे यांच्यामध्ये हजार वर्षांचे अंतर आहे. बापाकडून मुलाकडे अशी सलग वंशावळ दाखवणारा कागद या दोहोंना जोडत नाही. नावाचा दुवा आहे, रक्ताचा दुवा सिद्ध झालेला नाही. जुन्या राजाचे नाव त्याचे वंशज जसे लावत, तसेच त्याचे सैनिक, चाकर आणि त्याच्या मुलखातली कुळेही लावत. विहिरीतले पाणी एकाच पाटाने जात नाही. वाटेत त्याला अनेक फाटे फुटतात. आडनावाचेही तसेच.

जावळीचे चंद्रराव

आता आपल्या दारात येऊ. पोलादपुराहून आंबेनळी घाट चढू लागलात की वर वाडा-कुंभरोशी लागते, एका अंगाला प्रतापगड दिसतो, आणि पुढे रस्ता महाबळेश्वरला जातो. घाटमाथ्यापलीकडचा जो दाट रानाचा खोल मुलूख, ते जावळीचे खोरे. येथे विजापूरच्या आदिलशाहीच्या वतीने मोरे घराणे पिढ्यान् पिढ्या कारभार करत होते. 'चंद्रराव' हा त्यांचा वंशपरंपरेचा किताब. गादीवर जो बसेल तो चंद्रराव.

त्यांचा अंमल घाटावरच संपत नव्हता, खाली कोकणातही उतरला होता. पोलादपूर तालुक्यातल्या ढवळे गावाच्या डोक्यावरचा चंद्रगड, कांगोरी उर्फ मंगळगड आणि महाड तालुक्यातली रायरी, ही सारी ठाणी मोऱ्यांच्या मुलखातली. महाड हे सावित्रीवरचे जुने बंदर. बाणकोटच्या खाडीतून माल महाडला येई आणि तेथून बैलांच्या पाठीवरून घाट चढे. घाट ज्याच्या हाती, व्यापार त्याच्या हाती. जावळीला एवढे महत्त्व कशामुळे होते, हे त्या घाटातून एकदा चाललात की कोणी सांगावे लागत नाही.

जानेवारी १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली. त्याच वर्षी रायरीही त्यांच्या हाती आली. पुढे भोरप्याच्या डोंगरावर प्रतापगड उभा राहिला आणि त्याच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ ला अफझलखानाचा शेवट झाला. मोऱ्यांच्या रायरीचा रायगड झाला, आणि तेथेच ६ जून १६७४ ला महाराजांचा राज्याभिषेक झाला. पुरंदर लढवताना १६६५ मध्ये देह ठेवणारे मुरारबाजी देशपांडे हे आधी जावळीकर मोऱ्यांच्या पदरी होते, असे इतिहासात सांगतात. पराभव झाला तो जावळीच्या सत्तेचा. तिच्या पदरची माणसे पुढे स्वराज्याच्या कामी आली.

सत्ता गेली म्हणून मोरे कूळ संपले नाही. तलवार ठेवली तरी नांगर होता. घाटाच्या वर आणि खाली, ओढ्याकाठच्या खाचरांत आणि उतारावरच्या वरकशीत हे नाव रुजून राहिले. आज महाड-पोलादपूर भागात फिरताना मोरे आडनावाची पाटी दिसते, ती अशी.

देहूचे मोरे, महाडचे मोरे

मोरे म्हटले की फक्त जावळी, असा समज करून घेऊ नका. ज्या काळात जावळीत चंद्रराव होते, त्याच काळात देहूला एक मोरे घराणे होते. त्या घरात १६०८ मध्ये जन्मलेले तुकोबा आज घराघरात आहेत. तुकाराम महाराजांचे आडनाव आंबिले, कूळ मोरे. घर कुणब्याचे आणि व्यापार-उदिमाचे. त्यांच्याच वंशातले डॉ. सदानंद मोरे यांच्या 'तुकाराम दर्शन' या ग्रंथाला १९९८ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एकाच शतकात एक मोरे किल्ल्यांचे धनी आणि दुसरे मोरे विठोबाचे वारकरी.

आता तिसरे मोरे पहा, आणि हे थेट आपल्या महाडचे आहेत. मार्च १९२७ मध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. २० मार्चला ते आपल्या हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि त्या पाण्याची ओंजळ घेतली. या परिषदेच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता, ते दासगाव परिसरात वाढलेले रामचंद्र बाबाजी मोरे. ते १९०३ मध्ये जन्मले आणि १९७२ मध्ये वारले. पुढे त्यांनी मुंबईत कामगारांच्या आणि कम्युनिस्ट चळवळीत आयुष्य घालवले. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळाले.

जावळीचे चंद्रराव मोरे, देहूचे तुकोबा मोरे आणि महाडचे कॉम्रेड मोरे. आडनाव एक, घरे तीन, समाज वेगवेगळे. नुसत्या आडनावावरून तुम्ही काय ओळखणार?

हे फक्त मोऱ्यांचेच नाही. सकपाळ आडनाव घ्या. आपल्या भागात ते मराठा घरांत आहे. आणि बाबासाहेबांच्या घराण्याचे मूळ आडनावही सकपाळच. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे त्यांचे गाव, त्यावरून आंबडवेकर, आणि शाळेच्या पटावर आंबेडकर. जाधव, कदम, पवार, शिंदे, गायकवाड, सगळ्यांची हीच तऱ्हा. ही आडनावे मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, कुणब्यांत आहेत, आणखी किती तरी समाजांत आहेत.

मोरे कुठे कुठे?

आपल्या देशात जनगणनेत माणसे मोजतात, पण आडनावाप्रमाणे मोजणी करून छापत नाहीत. त्यामुळे मोरे इतके लाख, असा आकडा मी देणार नाही. कोणी दिला तर त्याला तो कोठून आणला ते विचारा. पण मतदार याद्या, शाळेचे पट आणि गावोगावच्या पाट्या पाहिल्या की नकाशा डोळ्यांपुढे येतो.

सातारा जिल्ह्यात जावळी, महाबळेश्वर, पाटण. त्याला लागून खाली आपले पोलादपूर आणि महाड, आणि पुढे रत्नागिरी जिल्ह्यातले खेड. हा सह्याद्रीचा पट्टा एकसंध आहे; मध्ये घाट आहे एवढेच. त्याशिवाय पुणे, सांगली, कोल्हापूर, नाशिक, खानदेश, मराठवाडा, सगळीकडे मोरे आहेत. कोठे एखादे घर, कोठे सबंध गाव.

आणि मुंबई तर आहेच. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून आपल्या डोंगराळ भागातल्या घरटी एका तरी माणसाने मुंबईची वाट धरली. चार महिन्यांच्या भातावर आणि नाचणीवर बारा महिने भागत नव्हते. लालबाग-परळच्या चाळींत एका खोलीत एका गावची दहा-पंधरा माणसे राहत. गावात सगळेच मोरे म्हणून तेथे कोणी आडनावाने हाक मारत नसे. पण गिरणीच्या हजेरीपटावर, शाळेच्या दाखल्यावर आणि पलटणीच्या कागदावर आडनाव लिहावे लागे. आपल्याकडे पूर्वी माणूस नावाने आणि बापाच्या नावाने ओळखला जाई. आडनाव पक्के चिकटले ते या कागदांमुळे. जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसत गेल्या. कित्येक मोरे गावी परतले. तेव्हा काहींना कळले की शिधापत्रिकेवर नाव मुंबईचे आहे, पण गावच्या सातबारावर आपले नावच चढलेले नाही.

इंग्रजी अक्षरांत गेले की या आडनावाची आणखी एक गंमत होते. परक्या मुलखातला बँकेचा साहेब 'मोरे' न म्हणता 'मोअर' म्हणतो. इंग्रजीत त्याचा अर्थ 'आणखी'. इंग्लंडात सोळाव्या शतकात टॉमस मोर नावाचे मोठे विद्वान होऊन गेले, त्यांच्या आडनावाची अक्षरे हीच. म्हणून काही ते जावळीचे होत नाहीत! अक्षरे जुळली म्हणजे कूळ जुळले, असे नव्हे.

पिशवीवरची जात

मी शेतीचा माणूस. मला बियाण्याचे उदाहरण सुचते. भाताच्या बियाण्याची पिशवी घेतली की तिच्यावर जात छापलेली असते. हळवी की गरवी, किती दिवसांत तयार होणार, दाणा बारीक की जाड, हे त्या नावावरून कळते. जात चुकली तर हंगाम चुकतो. म्हणून भाताची जात मी तुम्हांला हजारदा विचारायला सांगतो.

पण माणसाचे आडनाव म्हणजे बियाण्याची पिशवी नव्हे. भाताची जात पिशवीवर लिहिलेली असते, माणसाची जात त्याच्या आडनावावर लिहिलेली नसते. तरीही आपण करतो काय? नवा मास्तर आला, नवी नर्सबाई आली, तर नाव विचारतो, मग आडनाव, मग गाव, आणि मनातल्या मनात चाचपत राहतो. मोरे म्हणाले तर "कुठले मोरे?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. त्या प्रश्नामागे नाते शोधायचे असेल तर तो गोड आहे. पंगतीत कोणाला कुठे बसवायचे हे ठरवायचे असेल, तर चवदार तळ्याच्या तालुक्यात राहून आपण काही शिकलो नाही, असे म्हणावे लागेल.

सोयरीक जुळवतानाही शहाणी माणसे नुसते आडनाव पाहत नाहीत. आडनाव एक म्हणून सगळे भाऊबंद होत नाहीत, आणि आडनाव वेगळे म्हणून सगळे परके होत नाहीत. देवक कोणते, कुलदैवत कोणते, मूळ गाव कोणते, हे विचारतात. आजीने मला एका वाक्यात तेच सांगितले. आडनाव एक, पण सुतक नाही.

कागदावरचे मोरे

इतिहास झाला. आता पोटापाण्याचे बोलू. एकाच गावात एकाच नावाची चार माणसे असली की काय होते, हे मी माझ्या चुकीतून पाहिले. म्हणून पुढच्या गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट. अर्ज कोणताही असो, नुसत्या नाव-आडनावावर थांबू नका. गट नंबर आणि आठ-अ वरचा खाते क्रमांक लिहाच. नावे सारखी असू शकतात, खाते क्रमांक सारखा नसतो. अर्जात जागा असेल तर आजोबांचे नावही लिहा.

दुसरी गोष्ट. सातबारावरचे नाव, आधारवरचे नाव आणि बँकेतले नाव जुळते का ते पहा. आता शेतकरी ओळख क्रमांक काढावा लागतो, तेव्हा हीच जुळणी पाहिली जाते. एकीकडे टोपणनाव, दुसरीकडे पाळण्यातले नाव, असे असेल तर हप्ता अडकतो. सातबारावर लिहिण्यातली चूक झाली असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो.

तिसरी गोष्ट. घरचा कर्ता माणूस गेला की वारस नोंद करा. कायद्याप्रमाणे तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांना, कळवायचे असते. आपण तीन महिने काय, तीन पिढ्या थांबतो. मग पणजोबांच्या नावावर चाळीस वारस आणि त्यांतले पंचवीस मुंबईत.

चौथी गोष्ट लेकींची. मोऱ्यांची लेक लग्न होऊन कदमांच्या घरी गेली की तिचे आडनाव बदलते, पण तिचा हक्क बदलत नाही. २००५ च्या कायद्याने वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा असल्याचे स्पष्ट केले. म्हणून वारस सांगताना बहिणींची नावे गाळू नका. माहेरचे आणि सासरचे नाव एकाच बाईचे आहे हे दाखवणारा कागद तिने जपून ठेवावा. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची नावे आपल्या राज्यात मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, मग आडनाव अशी सरकारी कागदांवर लिहायची आहेत. यामुळे आईचा मान राहील, आणि एकसारख्या नावांचा घोळही कमी होईल.

पाचवी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. २०२३ पासून राज्यभर जुन्या कुणबी नोंदी शोधण्याचे काम चालले. मोडी लिपीतली बाडे उघडली गेली. तेव्हा अनेकांना समजले की जुन्या नोंदींत कित्येकदा आडनावच नसते. नाव, बापाचे नाव, गाव आणि जात एवढेच. नुसते आडनाव सांगून काम होत नाही. अमका माझा पणजा, हे दाखवणारी वंशावळ लागते. घाटावर हेळवी गावोगाव फिरून पिढ्या वाचून दाखवतात. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत यात्रेकरूंची नावे असतात. पण सर्वांत चांगली चोपडी तुमच्या घरात आहे. ती म्हणजे तुमची आजी, तुमचे आजोबा. एक शंभर पानी वही आणा. घरातल्या शाळकरी मुलाला त्यांच्याजवळ बसवा. मूळ गाव कोणते, तेथून का उठलो, कुलदैवत कोणते, देवक कोणते, पणजोबांना किती भाऊ, कोण मुंबईला गेले, कोणती आत्या कोठे दिली, सगळे लिहून काढा. भात कापून झाले की रात्री मोठ्या असतात. चार रात्रींत वही भरेल.

त्या वहीत बायकांची नावे विसरू नका. आपल्या वंशावळीत फक्त बाप्यांचीच नावे असतात, जणू काही पोरे आभाळातून पडली.

गेल्या वर्षी त्या गावात पुन्हा गेलो होतो. नाचणीच्या रोपांचे पाहायचे होते. आजी अंगणात बसली होती. नातू शेजारी वही घेऊन. मी विचारले, "आजी, खालच्या आळीचे मोरे आणि तुम्ही, काही नाते निघाले का?"

आजी म्हणाली, "पोरगा विचारून आला. आमचं मूळ गाव निराळं, त्यांचं निराळं. नातं नाही निघालं. पण त्या पैशापासून ती माझ्याकडं येती-जाती. आता हाय की नातं."

माझ्या खोडलेल्या ओळीतून एवढे तरी चांगले निघाले. तुमच्या घरची वही तुम्ही केव्हा सुरू करता, ते मला जरूर कळवा.